स्विमिंग पूल विकणे आहे

जाहिरात मी अगदी सरळ लिहिली होती. गोल पूल, व्यास २४ फूट, पोलादी भिंत ५२ इंच उंच, वाळूचा फिल्टर, दीड हॉर्सपॉवरचा पंप, शिडी, हिवाळ्यात झाकायचं कव्हर. लायनर नाही. उतरवून न्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. किंमत ६०० डॉलर. दहा मिनिटांत पहिला निरोप आला, ‘इज धिस स्टिल अव्हेलेबल?’ मी हो म्हटलं आणि तो माणूस जो गायब झाला तो कायमचा. फेसबुक मार्केटप्लेसवर हा प्रश्न आयता तयार असतो, नुसतं बटण दाबलं की जातो. तो पाठवायला वस्तू हवी असण्याचीसुद्धा गरज नसते.

बाकीचे निरोप जास्त मजेशीर होते. एकाला फक्त पंप हवा होता. एकाला भिंतीचा पत्रा हवा होता, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. एका बाईंनी विचारलं, घरपोच द्याल का? पूल. घरपोच. एकानं कळवलं की तो ५० डॉलर देईल, पण उतरवण्याचे २०० मी त्याला द्यायचे. हिशेब ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यात चूक नव्हती. एप्रिल महिन्यात मध्य न्यू जर्सीतल्या जाहिराती चाळल्या तर असे पूल ओळीनं दिसतात आणि निम्म्यांवर लिहिलेलं असतं, ‘फ्री, तुम्ही उतरवा, तुम्ही न्या’. सोफा फुकट देतात तो जुना झाला म्हणून. पूल फुकट देतात, कारण तो अंगणातून घालवणं हेच मोठं काम असतं.

ज्यांनी असा पूल पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा जमिनीत खणलेला, निळ्या फरशीचा पूल नव्हे. हा जमिनीवर उभा करतात. खाली वाळूचा सपाट थर, त्यावर गोलाकार रुळी, रुळीत उभा केलेला पन्हळी पत्रा, पत्र्याला बाहेरून खांब, वरून कठडा. आतून निळ्या व्हिनाइलचा कपडा, म्हणजे लायनर. पाणी अडवायचं काम हा पातळ कपडाच करतो, पत्रा फक्त त्याला धरून ठेवतो. आणि एकदा पाणी काढलं की लायनर आकसतो, कडक होतो, पुन्हा नीट बसत नाही. म्हणून जुना पूल विकतात तो बहुतेक वेळा लायनरशिवाय. घेणाऱ्यानं नवा लायनर घ्यायचा, वाळू मागवायची, जमीन समतल करायची, गावाचा परवाना काढायचा, इलेक्ट्रिशियन बोलवायचा. या सगळ्याची बेरीज केली तर फुकटचा पूल हजार-दीड हजार डॉलरना सहज पडतो.

शिवाय गंज. जुना पूल बघायला येणारा जाणता माणूस थेट स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या डब्याच्या, चौकोनी भोकाकडे जातो, मग पत्र्याची दोन टोकं जिथं बोल्टच्या रांगेनं जोडलेली असतात तिथं, मग खाली वाकून रुळीत. भिंत बाहेरून कितीही पांढरी दिसो, या तीन जागी पत्रा सडला असेल तर तिचं भंगार झालं. आमची बरी होती. स्किमरखाली एक तांबूस ओघळ होता. त्याचा फोटो मी जाहिरातीत टाकला, त्यावरून नवऱ्याशी वाद झाला. तो म्हणाला, लग्नाच्या फोटोत कुणी मुद्दाम पिंपल दाखवतं का?

पूल घेतला २०१६च्या वसंतात. मुलगी तेव्हा सात वर्षांची, मुलगा दहाचा, आणि आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे पूल होता त्यांच्याकडे सगळी पोरं पडीक असत. पोरं कुणाकडे पडीक असावीत हा इथल्या आईबापांचा मोठाच विषय असतो. आमच्याकडे असावीत असं आम्हाला वाटलं. पूल, बसवणं, वायरिंग, परवाना, सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले.

पाणी किती लागतं याचं गणित मी भरण्याआधी केलं होतं. साधारण चार फूट खोल पाणी, २४ फूट व्यास, म्हणजे १३,५०० गॅलन. लिटरमध्ये ५१,०००. वजन ५१ टन. बागेच्या नळीनं एक दिवस आणि एक रात्र भरत होतो. पाण्याचं बिल शंभर डॉलरच्या आत-बाहेर वाढलं, इतकंच.

माझं माहेर मिरज. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटायला लागली होती, ‘जलदूत’. पहिली गाडी १० टाक्यांची होती, पाच लाख लिटरची. एका टाकीत ५० हजार लिटर. आईशी फोनवर त्याच गोष्टी चालू होत्या, स्टेशनवर कसं काम चाललंय, गाडी कधी सुटली, टीव्हीवर काय दाखवलं. आणि मधेच मी तिला सांगितलं की आम्ही अंगणात पूल बसवतोय. तिनं विचारलं, “पाणी कुठलं भरणार?”

“नळाचं.”

“प्यायचंच?”

“हो, इथं एकच पाणी असतं.”

ती थोडं थांबली आणि म्हणाली, “मुलांच्या शाळेला सुट्टी कधी लागती?”

तिनं टोमणा मारला नाही, त्यामुळे तो मला नऊ वर्षं पुरला. मी नळी बंद केली असती तर लातूरला एक थेंबही जास्त मिळाला नसता, हे मला कळतं. न्यू जर्सीत वर्षाला ४५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बारा महिने पसरून पडतो, इथं पाणी ही बहुतेक वर्षी काळजीची गोष्टच नसते. पण भरलेल्या पुलाकडे बघताना माझ्या डोक्यात त्याचं माप ‘एक वॅगन’ असंच बसलं. अंगणात जलदूतची एक वॅगन उभी, आणि तिच्यात तीन पोरं उड्या मारतायत. ते माप गेलं नाही. कडक उन्हाळ्यात रोज पाव इंच पाणी वाफ होऊन जायचं, म्हणजे ७० गॅलन, अडीचशेहून जास्त लिटर. मिरजेत एवढ्यात आमचं घर दोन दिवस चालवलं असतं, धुणं धरून.

आता देखभाल. यावर मी पुस्तक लिहू शकेन आणि ते कुणी वाचणार नाही.

पूल म्हणजे पाणी साठवणं नव्हे, साठलेलं पाणी जिवंत होऊ न देणं. उन्हात उभं राहिलेलं पाणी दोन-तीन दिवसांत हिरवं व्हायला बघतं. ते होऊ नये म्हणून क्लोरीन. पण क्लोरीन किती काम करेल हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या आकड्यावर, ठरतं. साडेसातच्या आसपास टाकलेल्या क्लोरीनपैकी निम्म्याच्या जवळपास जंतू मारणाऱ्या, तेज रूपात असतं, पीएच आठवर गेला की त्यातलं फार थोडं उरतं. म्हणजे डबाभर क्लोरीन ओतूनही पाणी हिरवंच, आणि दुकानदार आणखी एक डबा विकायला तयार. पीएच उतरवायला अ‍ॅसिड, चढवायला सोडा. पीएच सारखा उड्या मारू नये म्हणून अल्कलिनिटी सांभाळायची. ऊन क्लोरीनला काही तासांत संपवतं, म्हणून सायन्यूरिक अ‍ॅसिड, त्याला इथं स्टॅबिलायझर म्हणतात. आणि ज्या तीन इंची पांढऱ्या गोळ्या सगळे जण तरंगत्या डबीत टाकतात, त्यांच्यात हा स्टॅबिलायझर आधीच असतो. गोळ्या विरघळत जातात, तो साठत जातो, फार साठला की क्लोरीनला बांधून टाकतो. मग उपाय एकच, पाणी काढा आणि नवं भरा. पुन्हा पाव वॅगन.

मी जळगावच्या केळ्यांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेलं आहे, त्यामुळे मला यात एक खाजगी आनंद मिळायचा. संध्याकाळी चहा झाला की काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, फिनॉल रेडचे थेंब टाकायचे, रंग उजेडात धरून बघायचा. घरात बाकी कुणाला हा आनंद कळला नाही. मुलांना पाणी निळं दिसलं की पुरे. पण पाहुण्यांना मी एक गोष्ट हटकून सांगत असे: ज्या पुलाला ‘क्लोरीनचा वास’ येतो तिथं क्लोरीन बहुधा कमी पडलेलं असतं. तो वास क्लोरीन आणि घाम, लघवी यांच्या संयोगातून बनलेल्या क्लोरामाइन्सचा. हे ऐकल्यावर दोन काकू पाण्यातून लगेच बाहेर आल्या होत्या. आमच्या पुलाला वास येत नव्हता, तरी.

खर्चाचं म्हणाल तर पंप रोज सात-आठ तास चालवावा लागतो, विजेचे महिन्याला साठ-सत्तर डॉलर. रसायनं वेगळी. २०२१ साली गोळ्यांचे भाव भडकले. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये लॉरा वादळानंतर लुइझियानातल्या वेस्टलेकमध्ये क्लोरीनच्या गोळ्या बनवणारा मोठा कारखाना जळाला होता, आणि करोनामुळे घरी बसलेल्या निम्म्या देशानं अंगणात पूल बसवले होते. इकडे माल कमी, तिकडे मागणी दुप्पट. दुकानात ‘माणशी एकच डबा’ अशी पाटी लागली होती. रेशनच्या रांगेत वाढलेल्या माणसाला अशी पाटी बघून थोडं घरी आल्यासारखं वाटतं हे मी कबूल करते.

आणि हे सगळं कशासाठी, तर इथल्या चौदा-पंधरा आठवड्यांच्या उन्हाळ्यासाठी. मेच्या शेवटी मेमोरियल डेला उघडायचा, सप्टेंबरमध्ये लेबर डेला बंद करायचा. बंद करणं हेही एक प्रकरण. पाणी स्किमरच्या खाली उतरवा, पंप-फिल्टर-नळ्या रिकाम्या करा, नाहीतर बर्फ होऊन फुटतात. मधोमध हवेची उशी तरंगत ठेवा, म्हणजे बर्फ भिंतीवर न दाबता उशीवर दाबेल, वर कव्हर ओढा, तारेनं आवळा. मग आठ महिने अंगणात एक मोठा काळा ढोल पडून राहतो, त्यावर पानं कुजतात आणि बेडकं पोसली जातात. घराचे एजंट लोक अशा पुलाला घराची शोभा मानत नाहीत. घर विकताना कितीदा तरी घेणाराच अट घालतो, ताबा देण्याआधी तो पूल हलवा.

तर मग एवढा पूल पोहायला किती उपयोगी? खरं सांगायचं तर चार फूट खोल गोल पुलात कुणी पोहत नाही. चार हात मारले की भिंत. मुलं पोहायला शिकली ती वायएमसीएत, पैसे भरून, रांगेत उभं राहून. घरच्या पुलात त्यांचा आवडता खेळ एकच होता. सगळ्यांनी कडेकडेनं एकाच दिशेनं धावायचं, पाण्याला भोवरा आला की पाय सोडून द्यायचे. पहिली दोन-तीन वर्षं रोज हेच. २०२०चा उन्हाळा तर पुलानंच तारून नेला, ते तीन महिने त्या गोल भिंतीच्या आत काढले म्हणून घरातली चार माणसं एकमेकांशी बोलती राहिली. पुढं मुलगा पंधराचा झाला आणि पाणी थंड आहे असं त्याला वाटायला लागलं. मग मुलीलाही वाटायला लागलं. पाण्याचं तापमान तेच होतं.

पण पुलाचा हिशेब मुलांवरच संपवला तर तो अर्धा राहील.

मिरजेला कृष्णा घाट आहे. माझे वडील तिथं पोहायला शिकले, काका शिकले, भाऊ शिकला, पाठीला सुका भोपळा बांधून. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सगळी फौज निघायची. मीही जायची. काठावर बसून कपडे आणि चपला सांभाळायला. मला कुणी पाण्यात उतरू नको असं म्हटल्याचं आठवत नाही. तसा प्रश्नच आला नाही. पुढं पुण्यात शिकायला होते तेव्हा टिळक तलावात बायकांसाठी वेगळी वेळ असते हे माहीत होतं, मैत्रिणी जायच्याही, पण पोहण्याचा पोशाख घालून चार लोकांत उभं राहण्याचं धैर्य मला झालं नाही. इथं आल्यावर गावाच्या सार्वजनिक पुलावर मुलांना घेऊन जायची ती पूर्ण कपड्यांत, छत्रीखाली, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणजे पुन्हा चपला सांभाळायला.

आमच्या पुलात मी पहिल्यांदा उतरले ती चाळिशीत, रात्री दहानंतर, अंगणातला दिवा बंद करून, लेगिंग आणि नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टात. कमरेच्या वर पाणी आलं तेव्हा श्वास असा काही वर ओढला गेला की पाण्यात आपण हलके होतो हे शाळेत शिकलेलं सगळं खोटं वाटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाठीवर तरंगता येऊ लागलं. तिसऱ्या वर्षी सासूबाई आल्या, गुडघ्यांनी बेजार. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेलं. सत्तरी ओलांडलेल्या बाई सलवार-कमीज घालून शिडीवरून मागे तोंड करून उतरल्या, कठड्याला धरलं आणि रामरक्षा म्हणत गोल चालू लागल्या. स्तोत्र संपलं की दिशा बदलायची. महिन्याभरात कठडा सुटला. सार्वजनिक पुलावर हे झालं नसतं. तिथं पोशाखाचे नियम असतात, लाइफगार्डची शिट्टी असते, आणि बघणारे असतात. आमच्या दोघींना पाणी मिळालं ते कुंपणामुळे मिळालं.

म्हणून मग हे कुंपण कुठून आलं हे कळलं तेव्हा ते गिळायला जड गेलं.

गावाच्या वाचनालयात एका फेब्रुवारीत भरलेल्या प्रदर्शनात एक फोटो होता. १८ जून १९६४, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन, एका मोटेलचा पूल. पाण्यात काळी आणि गोरी माणसं एकत्र उतरली आहेत, आंदोलन म्हणून, आणि मोटेलचा चालक काठावर उभा राहून पाण्यात बरणीतून काहीतरी ओततो आहे. खाली लिहिलं होतं, म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड. तेच अ‍ॅसिड, जे मी दर पंधरवड्याला पीएच उतरवायला मापून ओतायची. एवढ्या पाण्यात ते विरून जातं, जीव जाण्याइतकी तीव्रता राहत नाही, हे मला माहीत होतं आणि बहुधा त्यालाही असावं. ते ओतलं होतं भीती घालायला. दुसऱ्याच दिवशी सिनेटनं नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं.

त्या प्रदर्शनानंतर मी वाचत गेले. या देशात सार्वजनिक पूल पूर्वी भव्य असत. न्यूयॉर्क शहरानं १९३६च्या एका उन्हाळ्यात ११ मोठे पूल उघडले होते, हजारो माणसं एका वेळी मावतील असे. मग प्रश्न आला की त्या हजारांत कोण. सेंट लुईसमधल्या फेअरग्राउंड पार्कच्या पुलात २१ जून १९४९ रोजी पहिल्यांदा काळ्या मुलांना प्रवेश मिळाला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर दंगल उसळली. महापौरांनी परवानगी मागे घेतली. पुढच्या वर्षी न्यायालयानं पूल सगळ्यांना खुला करायला लावला, तर गोऱ्या लोकांनी यायचंच सोडलं, आणि काही वर्षांत तो बंद पडला. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं तर पाण्यात एकत्र उतरू देण्यापेक्षा शहराचे पूलच बंद करून टाकले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की शहराला तसं करता येतं, पूल सगळ्यांनाच बंद आहेत ना! ज्यांना परवडत होतं ते खाजगी क्लबात गेले, नाहीतर त्यांनी आपापल्या अंगणात पाणी आणलं. अंगणातल्या पुलांची लाट यायला स्वस्त पत्रा, व्हिनाइल, उपनगरं, वाढलेले पगार अशी बरीच कारणं आहेत. पण हेही एक आहे, आणि त्याचं बिल अजून चुकतं झालेलं नाही. १० ते १४ वयाच्या काळ्या मुलांचं स्विमिंग पुलात बुडण्याचं प्रमाण इथं त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या सातपटींहून जास्त आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना पाण्याजवळ येऊ दिलं नाही त्यांची नातवंडं पोहायला शिकली नाहीत.

मराठी माणसाला हे वाचताना महाड आठवणारच. नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पण २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं ते पाणी प्यायली तेव्हा दगडफेक आणि मारहाण झाली, आणि मग शेणा-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तिकडे गोमूत्र, इकडे अ‍ॅसिड. काठावर उभं राहून पाण्यात काहीतरी ओतणारा माणूस मात्र मला दोन्हीकडे एकच दिसतो. आणि कृष्णा घाटावर आमची फौज पोहायला जायची तेव्हा त्या फौजेत कोणाकोणाची मुलं नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही, आता मोजता येतं.

मग माझ्या कुंपणाचं काय? त्याच कुंपणानं मला आणि सासूबाईंना पाण्यात उतरवलं. मी बराच काळ या दोन गोष्टींचा ताळमेळ घालायला बघत होते, आता बघत नाही. आमच्या पुलात गल्लीतली सगळ्या रंगांची पोरं पडली होती हे खरं, पण ती आमच्या ओळखीची, आमच्या परवानगीनं. सार्वजनिक पाण्यात परवानगी लागत नाही. ज्यात उतरायला मला धैर्य लागलं नसतं असं पाणी गावानं द्यायला हवं होतं, मिरजेनंही आणि इथल्यानंही: बायकांसाठी वेगळी वेळ, अंगभर कपड्यांना मुभा, म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी पायऱ्या. प्रत्येकीनं आपापली वॅगन भरून घेणं हा त्यावरचा फार महाग तोडगा आहे.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं. एक्वाडोरहून आलेलं कुटुंब, तो बागकाम करणाऱ्या टोळीत, ती एका दवाखान्यात सफाईला, दोन लहान मुलं. त्याने स्किमरखालचा ओघळ बघितला, बोटानं खरवडला, खिशातून लोहचुंबक काढून भिंतीला लावून बघितला, का ते मला अजून कळलेलं नाही. ६०० वरून सुरुवात झाली, ३५० वर थांबली. टेस्ट किट मी तशीच दिली, आणि एका कागदावर सगळं लिहून दिलं, आधी पीएच, मग क्लोरीन, गोळ्यांवर पावडर कधी टाकायची नाही, दोन जातींचं क्लोरीन एकत्र आलं तर आग लागते. तिनं तो कागद पोरांच्या लसीकरणाच्या कागदांसारखा घडी करून पर्समध्ये ठेवला.

उतरवायला तो दोघा भावांना घेऊन आला. पाणी मी आठवडाभर आधी क्लोरीन न टाकता उघडं ठेवलं होतं, म्हणजे गवत मरू नये, आणि मग पंपानं हळूहळू सोडलं. लायनर सुरीनं पट्ट्यापट्ट्यांत कापला. कठडा, खांब सुटले आणि उरली नुसती ७५ फूट लांब पत्र्याची गोल भिंत. पाणी असताना ५१ टनांना धरणारी ती भिंत, पाणी गेल्यावर वाऱ्याच्या एका झोतानं लवायला लागली. तिघांनी धावून धरली, बोल्ट काढले आणि एक टोक धरून गुंडाळत नेली. पिकअपमध्ये चढवताना तिघेही स्पॅनिशमध्ये एकमेकांना शिव्या देत होते असा माझा अंदाज आहे. सूर ओळखीचा होता.

नवऱ्यानं एक्सेल उघडलं होतं. खरेदी, वीज, रसायनं, एक लायनर मधे बदललेला, वजा ३५०. दर पोहण्यामागे किती पडले असा रकाना तो करणार होता. मी म्हटलं, त्यात रामरक्षा किती धरणार? त्यानं फाइल बंद केली, पण एकूण आकडा मी बघितला होता. तेवढ्यात गावाच्या पुलाचा कुटुंबाचा पास आम्ही दोघांच्या निवृत्तीपर्यंत काढू शकलो असतो, आणि पंप दुसऱ्या कुणाचा बिघडला असता.

ऑफिसातल्या एका मराठी मुलीनं मागच्या महिन्यात विचारलं, घेऊ का? तिची मुलं चार आणि सहा वर्षांची. मी तिला सांगितलं की रोज संध्याकाळी पाण्यापाशी जायला तुला स्वतःला आवडणार असेल तर घे, मुलांसाठी घेऊ नकोस. जुना फुकट मिळाला तरी नव्या लायनरचे पैसे आधी बाजूला काढ. गावाचा पूल चालण्याच्या अंतरावर असेल तर मुळीच घेऊ नकोस, तिथं पास काढ, आणि बायकांची वेळ ठेवा म्हणून अर्ज कर, सहीला मी येते. ती हसली. तिला ‘घे’ असं ऐकायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. घेईल.

जुलैत एक्वाडोरवाल्या बाईंचा फोन आला, घाबरलेल्या आवाजात. बातम्यांत आलं होतं की जमिनीवरचे सुमारे ५० लाख पूल परत मागवलेत, लहान मुलं बुडाली म्हणून, आणि असा पूल जुना विकणंही बेकायदा आहे. आपला त्यात आहे का? मी ती सूचना वाचली होती. ते वेगळे, पत्र्याच्या भिंतीचे नव्हेत, पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्रीसारखं कापड ताणलेले पूल. त्यांच्या खांबांना बाहेरून एक पट्टा आवळलेला असतो, आणि दोन-तीन वर्षांचं मूल त्या पट्ट्यावर पाय ठेवून वर चढू शकतं. २००७ ते २०२२ या काळात अशी नऊ मुलं गेली. आपल्या भिंतीला बाहेरून पाय ठेवायला काही नाही, मी म्हटलं, शिडी सोडून.

“शिडी मी रात्री वर उचलते,” ती म्हणाली.

“दिवसाही. पाण्यात मोठं माणूस नसेल तेव्हा प्रत्येक वेळी. पंप भिंतीपासून लांब आहे ना? आणि खुर्च्या?”

“पंप लांब आहे. खुर्च्या…” तिनं खिडकीतून बघितलं असावं. मग स्पॅनिशमध्ये कुणाला तरी जोरात हाक मारली, आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.